माशीचं आधी कूळ विचारावं: बारीक माश्या शोधायच्या आणि ओळखायच्या कशा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, म्हणतात. माशीचं मात्र आधी कूळच विचारावं. हे कळायला मला एक वर्ष लागलं. त्या वर्षात मी प्रत्येक माशीचं थेट नाव शोधत बसायचो. माशी दोन मिलिमीटरची, फोटो धूसर, आणि रात्री उशिरापर्यंत चित्रं चाळत जुळवाजुळव. वर्ष संपता संपता वहीत चाळीसेक नावं जमली. मग ती वही एका जाणकारांना दाखवली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक नाव खोडत गेले. सहा उरली. खोडलेल्यांपैकी सात तर माश्याच नव्हत्या.

तुमच्या वहीवर अशी पेन्सिल फिरू नये म्हणून हा लेख. बारीक माश्या म्हणजे साधारण एक ते पाच मिलिमीटरच्या. बोलताना आपण चिलटं, मुरकुटं, केमरं म्हणून त्यांना एकाच पोत्यात भरतो. शब्दांचं एकदाच सांगून ठेवतो: गण मोठा, गणात कुळं, कुळात प्रजाती आणि प्रजातीत जाती. माश्यांचा गण डिप्टेरा, म्हणजे द्विपंखी. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसच्या १७५८ सालच्या वर्गीकरणात तो आहे. आजवर वर्णन झालेल्या जाती दीड लाखांच्या वर आहेत, कुळं मात्र दीडशेच्या आसपास. त्यातली रोज भेटणारी वीसेक. दीड लाखांत शोधण्यापेक्षा विसांत शोधलेलं बरं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सोबत काय घ्यायचं

- १० पटीचं भिंग. २० पटीचं नंतर घ्या. त्याचा आवाका इतका लहान असतो की सुरुवातीला माशी सापडतच नाही.
- मॅक्रो लेन्स, फोनला अडकवायची असली तरी चालेल. फ्लॅश वापरणार असाल तर त्यापुढे धरायला पांढरा पातळ कागद.
- पारदर्शक झाकणाच्या आठ-दहा छोट्या डब्या किंवा काचेच्या नळ्या.
- बारीक टोकाचा रंगाचा ब्रश. मेलेली माशी चिमट्याने उचलली की पाय तुटतात, ओल्या ब्रशला ती अलगद चिकटते.
- पांढरं कापड किंवा पांढरा ट्रे.
- वही आणि पेन्सिल. पेन नको, का, ते पुढे येईल.
- माश्या गोळा करणार असाल तर लेखी परवानगी. राखीव जंगलं, अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं अशा ठिकाणी बहुतेक देशांत परवानगीशिवाय एक चिलटसुद्धा उचलता येत नाही. खासगी जमिनीवर मालकाला विचारा. नुसते फोटो काढणार असाल तरी प्रवेशाचे नियम आधी वाचा.

सूक्ष्मदर्शक पहिले सहा महिने घेऊ नका. डोळ्याला सवय लागण्याआधी तो आला की माणूस मैदानात जायचंच सोडतो.

१. ती माशीच आहे का, ते बघा

मराठीत ‘माशी’ हा शब्द फार उदार आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी मुंग्यांच्या गणातल्या, पांढरी माशी तर माव्याची नातलग. या सगळ्यांना चार पंख असतात. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक दांड्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला गोळा. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना ते पंखांच्या तालात कंप पावतात आणि शरीर कुठे कलंडलं, किती वळलं, याची खबर माशीला देतात.

दोन मिलिमीटरच्या माशीत संतोलक पटकन दिसत नाहीत. म्हणून आधी टिप्युलिडी कुळातली लांबटांगी माशी गाठा. अवाढव्य डासासारखी दिसते, चावत नाही, भिंतीवर निवांत बसते. तिचे संतोलक नुसत्या डोळ्यांना दिसतात. एकदा ते कुठे असतात हे डोक्यात बसलं की बारीक माशीतही त्याच जागी नजर जाते.

माझ्या त्या सातांपैकी पाच बारीक परजीवी गांधीलमाश्या निघाल्या. त्यांचे मागचे पंख इतके लहान आणि पुढच्या पंखांना असे अडकलेले असतात की दोनच पंख वाटतात. त्यांच्या मिश्या बघा: लांब, बऱ्याचदा कोपरासारख्या वाकलेल्या आणि सतत पानावर टकटक करणाऱ्या. छाती आणि पोट यांच्यामध्ये कंबर बारीक. बारीक माश्यांपैकी पुष्कळींच्या मिश्या इतक्या आखूड असतात की त्या शोधाव्या लागतात.

सहावा होता पिठ्या ढेकणाचा नर. हा खरा चकवा आहे, कारण त्यालाही उडायला पंखांची एकच जोडी असते. पण त्याच्या शेपटाकडे मेणाचे लांब पांढरे धागे असतात आणि त्याला खायला तोंडच नसतं. सातवी पांढरी माशी होती. तिच्याबद्दल मी काही बोलत नाही.

उलटी चूकही होते. फुलावर हवेत एकाच जागी तरंगणारा पिवळा-काळा कीटक पाहून लोक मधमाशी किंवा गांधीलमाशी म्हणून पुढे जातात. तो बहुधा सिर्फिडी कुळातला असतो. सोंग हुबेहूब असतं, पण आखूड मिश्या आणि दोनच पंख त्याला लपवता येत नाहीत.

२. माशी शोधू नका, जागा शोधा

‘बारीक माश्या दिसतच नाहीत’ अशी तक्रार करणारा माणूस बहुतेक वेळा चालत असतो. थांबा, उकिडवे बसा आणि पंधरा मिनिटं तिथून हलू नका. ओल, कुज, गोडवा आणि ऊन या चारांपैकी दोन गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे बसायचं, हा माझा ठोकताळा आहे.

पाण्याची कड सगळ्यात भरवशाची. ओला चिखल, शेवाळलेला दगड, पाणी ओसरल्यावर उरलेला लगदा. इथे एफिड्रिडी कुळातल्या माश्या पाण्याच्या पृष्ठभागावरून चालतात आणि हिरव्या धातूसारख्या चमकणाऱ्या डॉलिकोपोडिडी चिखलावर शिकार करतात. (एफिड्रिडीतल्या एका जातीच्या अळ्या कॅलिफोर्नियात कच्च्या तेलाच्या डबक्यांत वाढतात. माश्यांना राहायला काहीही चालतं.) झरा वाहता असेल तर पाण्यातला दगड उचलून बघा. मागच्या टोकाने चिकटून प्रवाहात लोंबणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या सिम्युलिडीच्या. दगड होता तसा परत ठेवा.

दुसरी जागा म्हणजे चिकटा पडलेली पानं. वर कुठेतरी मावा लागलेला असतो आणि खालची पानं तेल लावल्यासारखी चमकतात. अशा पानावर सकाळचं ऊन आलं की अर्ध्या तासात पाच-सहा कुळं हजेरी लावतात. फुलं नसतील त्या दिवसांत मी फक्त अशी झाडं शोधतो.

ताज्या शेणाची किळस आधीच सोडून द्या. पहिल्या तासा-दोन तासांत जी गर्दी होते ती दुसऱ्या दिवशी नसते. अळंबी दिसली तर टोपीच्या खालची बाजू बघा, हळूच टिचकी मारा आणि खाली पांढरं कापड धरा. पिकून पडलेलं फळ आणि झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस या दोन्हींवर ड्रॉसोफिलिडी हमखास असतात. फुलांमध्ये मोठी, खोल फुलं सोडा. छत्रीसारख्या फुलोऱ्यातली चिमुकली उघडी फुलं बघा. बहुतेक बारीक माश्यांचं तोंड आखूड असतं, खोलातला मध त्यांना पोचत नाही.

कोळ्याचं जाळं लोक विसरतात. त्याच्या मोकळ्या धाग्यांना गादमाश्या (सेसिडोमायिडी कुळातल्या नाजूक माश्या) ओळीने लोंबकळत विश्रांती घेतात. त्या अडकलेल्या नसतात, फुंकर मारली की उडून जातात. आणि कोळी जेवत असेल तर त्याच्या भक्ष्यावर चिमुकल्या काळ्या माश्या बसल्या आहेत का ते पाहा. त्या मिलिकिइडी, फुकटच्या पंगतीला आलेल्या.

घराबाहेर पडता आलं नाही तर खिडकीची काच आहेच. आत शिरलेल्या माश्या उजेडाकडे जातात आणि तावदानाच्या खालच्या कडेला जमतात. माझी सायॅरिडीशी पहिली ओळख तिथेच झाली. कुंडीतल्या ओल्या मातीतून त्या निघत होत्या.

वेळ म्हणाल तर वारा पडलेला हवा, मग बाकी काही चालतं. वाऱ्यात बारीक माशी पानाखालून बाहेरच येत नाही. पाऊस उघडल्यावरचा पहिला तास उत्तम. कडक उन्हात पानांची खालची बाजू आणि झाडांचे सावलीतले बुंधे बघा. तिन्हीसांजेला पाण्याजवळ डोक्यावर चिलटांचा खांब फिरताना दिसेल. ते कायरोनोमिडीचे नर, मादीची वाट बघत एखादी ठळक खूण धरून घिरट्या घालतात. ती खूण तुमचं डोकंही असू शकतं. दोन पावलं बाजूला सरका, थवाही सरकेल.

३. जवळ जायची रीत

भिंग माशीजवळ नेऊ नका. भिंग डोळ्याला टेकवा आणि मग भिंगासकट स्वतः पुढे झुका. नवखे लोक भिंग हात लांब करून धरतात, वर्तमानपत्र वाचल्यासारखं. त्यात काहीच दिसत नाही. माशी डबीत असेल तर डबी डोळ्याकडे आणा.

जवळ जाताना सावली माशीवर पडू द्यायची नाही. हळू हलणं पुरेसं असतं असं नाही, एका लयीत हलावं लागतं. माशीच्या डोळ्याला आपल्यापेक्षा फार वेगवान हालचाली टिपता येतात, त्यामुळे झटका लगेच कळतो. आणि ती उडाली तरी जागा सोडू नका. बऱ्याच माश्या मिनिटभरात त्याच पानावर, कधी त्याच टोकावर परत येतात. मी सुरुवातीला उडालेल्या माशीच्या मागे धावायचो आणि तिला काय दिसत असेल, याची आता कल्पना करवत नाही.

पहिल्या भेटीत वहीत रंग लिहू नका. ती काय करत होती ते लिहा: पंख हलवत होती का, पळत होती की चालत, एकटी की घोळक्यात, पुढचे पाय कुठे होते. रंग फोटोत येतो, वागणं येत नाही.

४. मिश्या बघून दोन ढीग करा

एका ढिगात लांब, बऱ्याच खंडांच्या, माळेसारख्या किंवा पिसासारख्या मिश्या असलेल्या. अंग नाजूक, पाय लांब. यात डास आणि डासासारखे सगळे येतात. दुसऱ्या ढिगात आखूड मिश्यांच्या: तीन खंड, शेवटचा फुगीर, त्यावर एक केस उभा. हा केस नुसता आहे की पिसारलेला, हेही पुढे उपयोगी पडतं. या दुसऱ्या ढिगातल्या दणकट माश्या म्हणजे घरमाशीच्या नातलग.

अपवाद आहेत. सिम्युलिडी पहिल्या ढिगातली असूनही तिच्या मिश्या आखूड, सिगारसारख्या असतात आणि अंग कुबडं. पहिले काही आठवडे तेवढ्यावर अडू नका.

५. बसण्याच्या ढबीवरून कूळ गाठा

हा लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे मी जास्त बोलणार आहे. किल्ली (पायरीपायरीने दोन पर्यायांतून एक निवडत ओळखीपर्यंत नेणारी यादी) घेऊन पंखांच्या शिरा मोजणं हा खरा रस्ता, पण मैदानात माशी तेवढा वेळ देत नाही. ढब मात्र लांबूनही दिसते.

आधी पहिला ढीग. डासासारखं काहीतरी भिंतीवर बसलंय आणि पुढचे दोन पाय हवेत उचललेत, तर ती कायरोनोमिडी. डास बसताना बऱ्याचदा मागचे पाय उचलतो. शिवाय डासाला लांब सोंड असते, हिला नाही. ही चावत नाही. नराच्या मिश्या पिसासारख्या झुपकेदार असतात. तिच्या काही जातींच्या अळ्या हिमोग्लोबिनमुळे लालभडक असतात आणि ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही जगतात.

चावणारी, एक ते तीन मिलिमीटरची, जवळपास न दिसणारी असेल तर सेरॅटोपोगोनिडी. सगळ्याच माणसाला चावत नाहीत. काही जाती चतुराच्या पंखांच्या शिरांवर बसून त्याचं रक्त पितात, तर फोर्सिपोमिया प्रजातीतल्या माश्यांवर कोकोच्या झाडाचं परागण अवलंबून असतं. चतुराचे फोटो काढत असाल तर पंखांवरचे ठिपके मोठे करून बघा.

पंख छपरासारखे उतरते, केसाळ, वरून पाहिलं तर बदामाचा आकार: सायकोडिडी. सांडपाण्याच्या जाळीपाशी दिसणारी राखाडी, पतंगासारखी माशी हीच. याच कुळात वाळूमाशीही येते, जी काही प्रदेशांत लेशमॅनियासिस या रोगाचा प्रसार करते. ती पंख इंग्रजी व्हीसारखे वर उभे धरते. उभे पंख दिसले तर फोटोचा मोह आवरा आणि बाह्या खाली करा.

गडद पंखांची सडपातळ काळी माशी कुंड्यांभोवती अडखळत चालत असेल तर सायॅरिडी. हिचे डोळे मिश्यांच्या वर पुलासारखे जोडलेले असतात. साधारण तशीच, पण छातीला कुबड, मांडीच्या वरचा खंड लांबलचक आणि नडगीला काटे असतील तर अळंब्यांवरची मायसेटोफिलिडी. सर्वांत नाजूक, पंखात दोन-चारच शिरा, मिश्या मण्यांच्या माळेसारख्या: सेसिडोमायिडी, म्हणजे गादमाश्या.

आता दुसरा ढीग. पानाच्या मधोमध लांब पायांवर अंग उचलून, ताठ मानेने उभी, हिरवी-तांबूस झळाळी: डॉलिकोपोडिडी. हिला विसरणं अवघड आहे. पानावर येणाऱ्या मऊ अंगाच्या किड्यांवर ती जगते.

मुंगीसारखी काळी चकचकीत, डोकं गोल, कंबर आवळलेली, आणि चालताना दोन्ही पंख वल्ह्यासारखे हलवणारी: सेप्सिडी. पुष्कळदा पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका असतो. शेणावर पाच मिनिटं बसलात तर दिसेलच. तिच्या शेजारी बुटकी, मळकट, पळणारी असेल तर मागच्या पायाचा पहिला तळखंड बघा. तो आखूड आणि सुजल्यासारखा जाड असेल तर स्फेरोसेरिडी. भिंगातून ही खूण एकदा पटली की शंका राहत नाही.

कुबडी, डोकं खाली, थोडं पळते, थबकते, दिशा बदलते, पुन्हा पळते. हाताने डिवचलं तरी उडण्याऐवजी पळतेच: फोरिडी. पंखाच्या पुढच्या कडेला दोन-तीन जाड शिरा, बाकीच्या फिक्या तिरप्या रेघा. याच कुळात २०१२ साली थायलंडमधून वर्णन झालेली युरिप्लॅटिया नानकनिहाली आहे. तिची लांबी ०.४ मिलिमीटर. अशा माश्या आपल्यासमोरून उडाल्या तरी कळत नसणार.

‘फळमाशी’ या शब्दाने मराठीत दोन कुळं एकत्र बांधली आहेत आणि त्यातून भरपूर घोटाळा होतो. कुजत्या फळावरची, बऱ्याचदा लाल डोळ्यांची, पिवळट, तीनेक मिलिमीटरची ती ड्रॉसोफिलिडी. प्रयोगशाळेत वापरतात ती ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर यातलीच. मिशीवरचा केस पिसारलेला आणि टोकाला दुभंगलेला. याउलट चांगल्या फळात अंडी घालणारी, पंखांवर नक्षी असलेली आणि ती नक्षी एकेक पंख फिरवून दाखवणारी ती टेफ्रिटिडी. मात्र नक्षीदार पंख दिसले की लगेच टेफ्रिटिडी लिहू नका. उलिडिइडी आणि प्लॅटिस्टोमॅटिडीही नक्षी मिरवतात. पंखाच्या पुढच्या कडेजवळची एक शीर टेफ्रिटिडीत एकदम काटकोनात वळते. ते वळण फोटोत आलं तर वाद मिटतो.

गवतात जाळी फिरवली की जे ढिगाने मिळतं ते बहुधा क्लोरोपिडी. डोक्याच्या माथ्यावर मोठा तुकतुकीत त्रिकोण, अंगावर केस फार थोडे. तुमच्या डोळ्यांसमोर नाचणारी आणि पाणी प्यायला डोळ्यातच बसणारी चिलटं बऱ्याचदा याच कुळातली.

आणि माझी आवडती पिपंक्युलिडी. डोकं म्हणजे जवळजवळ नुसते डोळे, अंगाला न शोभणारा मोठा गोळा. पानांच्या दाटीत अगदी जवळून तरंगत फिरते आणि तुडतुडे शोधते, कारण तिची अळी तुडतुड्याच्या पोटात वाढते. मला पहिली दिसायला दोन वर्षं लागली, आणि मग कळलं की ती रोजच्या वाटेवरच्या कुंपणात कायम होती.

६. चार बाजूंनी फोटो

एकाच सुंदर फोटोवरून कूळ ठरत नाही. वरून, बाजूने, समोरून चेहरा, आणि पंख. पंखासाठी माशी काचेवर किंवा पातळ पानावर असताना मागून उजेड येऊ द्या, शिरा आपोआप उठून दिसतात. माशी उडाली की त्याच जागी पेन्सिलीचं टोक किंवा पट्टी धरून एक फोटो घ्या. आकाराचा अंदाज देणारा हाच फोटो पुढे सगळ्यात उपयोगी ठरतो. गारव्यात पहाटे माश्या जडावलेल्या असतात, तेव्हा चेहऱ्याचा फोटो जमतो.

सगळ्यात आधी मात्र लांबून, वाईट का होईना, एक फोटो काढून ठेवा. उत्तम कोनाच्या नादात हात हलवत राहिलो आणि एकही फोटो नसताना माशी गेली, असं किती वेळा झालंय ते मोजणं मी सोडलं.

७. पकडायचं असेल तर

गवतासाठी जाड कापडाची जाळी. इंग्रजी आठ काढल्यासारखी दहा-बारा वेळा फिरवायची आणि शेवटी तोंड पिळून बंद करायचं. जाळीतून बारीक माश्या उचलायला पूटर लागतो: एक डबी, दोन नळ्या, एकीने ओढायचं, दुसरीतून माशी डबीत येते. ओढायच्या नळीच्या तोंडावर बारीक कापड बांधायचं असतं. माझी माशी शिंकली ती इथेच. घाईत कापड बांधायचं राहिलं आणि पहिली सेप्सिडी थेट घशात गेली. कापड असलं तरी शेण, मेलेली जनावरं आणि बुरशी यांच्यावरून तोंडाने ओढू नका, जंतू आणि बुरशीचे कण फुप्फुसात जातात. तिथे रबरी फुग्याचा पूटर वापरा किंवा नळी उपडी टाका.

सगळ्यात कमी कष्टाचा सापळा म्हणजे पिवळे वाडगे. उथळ पिवळा वाडगा जमिनीवर ठेवा, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब. पृष्ठताण मोडतो आणि उतरलेली माशी बुडते. एका दिवसाहून जास्त ठेवू नका, सगळं कुजतं. उचलल्यावर पातळ कापडातून गाळा. लागतील तेवढेच वाडगे मांडा, कारण यात मधमाश्याही मरतात. तंबूसारखा मोठा सापळा मालेझ सापळा म्हणून ओळखला जातो. स्वीडनच्या रेने मालेझ यांनी तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्याकडे चढत जातात हे पाहून तो बनवला आणि १९३७ साली प्रसिद्ध केला. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. एका आठवड्यात हजारो कीटक पडतात आणि वर्गवारी करायला वर्ष पुरत नाही.

माश्या ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा; डीएनए तपासायचा असेल तर ९५ टक्के. अल्कोहोल पेट घेतं, उन्हात गाडीत ठेवू नका. चिठ्ठी नळीच्या आत टाका आणि ती पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या एका मोसमाच्या नळ्यांत आज निळसर पाणी आणि कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठीवर तारीख (महिना रोमन आकड्यात, म्हणजे दिवस-महिन्याचा गोंधळ होत नाही), ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, कशावर सापडली, कशी पकडली, कोणी पकडली. यातलं ‘कशावर’ लोक गाळतात.

अल्कोहोलमधली बारीक माशी तशीच हवेत वाळवली तर सुरकुतून ओळखू येत नाही. सुकी ठेवायची असेल तर ताजीच ठेवा, आणि तिला टाचणी टोचू नका. कागदाच्या चिमुकल्या त्रिकोणाच्या टोकाला तिची बाजू चिकटवतात आणि टाचणी त्रिकोणाला टोचतात.

८. अळीपासून माशी मिळवा

काही माश्या उडताना कधीच नीट दिसत नाहीत, पण त्यांनी पानावर सही केलेली असते. पानातल्या पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळीचं काम. यातल्या बऱ्याच ॲग्रोमायझिडी कुळातल्या असतात. पानावरच्या, खोडावरच्या गाठी कित्येकदा गादमाशीच्या. असं पान झाडाच्या नावासकट आणा. झाड ओळखता आलं तर अर्धं काम झालं, कारण यांच्या कितीतरी जाती ठरावीक झाडांवरच वाढतात. रेघेचा फोटो आधी काढा, मग पान टिपकागदाबरोबर झाकणाच्या डबीत ठेवा. रोज बघा. बाष्प साचलं तर कागद बदला, नाहीतर बुरशी आधी येते.

एक दिवस डबीत काहीतरी उडताना दिसेल आणि तुम्ही नाचाल. थांबा, त्याचे पंख मोजा. पुष्कळदा बाहेर येते ती नागअळी खाऊन वाढलेली परजीवी गांधीलमाशी. खरोखर माशीच निघाली तर तिला दिवसभर तशीच राहू द्या. नुकती निघालेली माशी मऊ आणि फिकी असते, रंग पक्का व्हायला वेळ लागतो.

९. नाव कुठे थांबवायचं

फोटोवरून ओळख सुचवणारी ॲप्स गण आणि कूळ बऱ्यापैकी सांगतात. त्यापुढे ती मक्षिकास्थाने मक्षिका करतात: आधी ज्यांचे फोटो भरपूर, तेच नाव तुमच्या माशीला. सुचवलेली जात तुमच्या खंडात तरी आढळते का, एवढं तपासलं तरी अर्धी चुकीची नावं गळतात.

किल्ली वापरायला लागलात की प्रत्येक पायरीवर दोन पर्याय येतात. फोटोत दिसत नसलेली गोष्ट अंदाजाने निवडू नका. तिथेच थांबा आणि तिथवरचं नाव लिहा. पुष्कळ जाती फक्त नराच्या जननांगांवरून वेगळ्या होतात. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर आणि ड्रॉसोफिला सिम्युलन्स यांच्या माद्या जवळजवळ सारख्या दिसतात. प्रयोगशाळांत ड्रॉसोफिला रोज हाताळली जात होती, तरी सिम्युलन्स ही वेगळी जात आहे हे आनुवंशशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंटने १९१९ साली मांडलं. आणि गादमाश्यांमध्ये तर नाव मिळण्याची आशाच कमी: कॅनडातल्या कीटकांच्या डीएनएवरून २०१६ साली केलेल्या एका अंदाजात जगभरात या एका कुळाच्या १८ लाख जाती असाव्यात असं म्हटलं आहे, आणि नावं पडलेली आहेत काही हजार. ‘सेसिडोमायिडी, मादी’ ही पूर्ण आणि बरोबर नोंद आहे.

तज्ज्ञाला विचारायचं ठरवलंत तर एका वेळी दोन-तीनच माश्या पाठवा, एकाच कुळाच्या, चारही बाजूंच्या फोटोंसह आणि चिठ्ठीतल्या सगळ्या तपशिलासह. तुम्हाला कूळ कोणतं वाटतं आणि का, तेही लिहा. चुकलं असेल तर नेमकं कुठे, हे त्यांना एका ओळीत सांगता येतं. उत्तर यायला महिनेही लागतात. तोवर नळ्यांचं झाकण सैल होऊन अल्कोहोल उडत नाहीये ना, एवढं मधून मधून बघत राहा.